कांटच्या पुस्तकातला पांगुळगाडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. अठराव्या शतकातल्या जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन', म्हणजे 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा', तुम्ही तीनदा हातात घेतलंत आणि तिन्ही वेळा साठ-सत्तर पानांच्या पुढे सरकला नाहीत. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की हा माणूस यंत्रासारखा जगायचा, गावातले लोक त्याच्या फेरफटक्यावर घड्याळं लावायचे, मग त्याच्या लिखाणात ओलावा कुठून असणार? आता तुम्ही विचारताय की चौथ्यांदा प्रयत्न करावा का, आणि आजवर जे अडलं त्यात दोष पुस्तकाचा की तुमच्या डोक्याचा.

मी तत्त्वज्ञान शिकवते. बावीस वर्षं, दर वर्षी दहा-बारा जणांना सोबत घेऊन, हे पुस्तक वाचत आले आहे. त्यावरून पहिलं सांगते: डोक्याची काळजी सोडा. साठ-सत्तर पानांशी जवळजवळ सगळेच अडतात. जे अडत नाहीत त्यांना मी मुद्दाम थांबवते, कारण शब्द ओळखीचे झाले म्हणजे अर्थ कळला असं धरून ते पुढे गेलेले असतात आणि दोनशे पानांनंतर त्यांची फार मोठी अडचण होते. पुस्तकाचा दोष म्हणावा असं मात्र काहीतरी आहे. हे पुस्तक ज्या तऱ्हेने लिहिलं गेलं, त्यात एक गोष्ट जाणूनबुजून काढून टाकलेली आहे. ती कोणती हे कळलं की वाचायची रीतच बदलते, म्हणून तिथून सुरुवात करते.

१७७० मध्ये कांट प्रशियातल्या क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात तर्कशास्त्र आणि सत्ताशास्त्राचा (मेटाफिजिक्सचा) प्राध्यापक झाला. वय ४५-४६. त्याआधी पंधरा वर्षं तो पगाराशिवाय, विद्यार्थ्यांच्या फीवर शिकवत होता. फेब्रुवारी १७७२ मध्ये त्याने आपला विद्यार्थी आणि मित्र मार्कुस हेर्त्स याला पत्र लिहिलं: मला आता सत्ताशास्त्राच्या सगळ्या गूढाची किल्ली सापडलीय, पुस्तकाचा पहिला भाग साधारण तीन महिन्यांत बाहेर काढतो. ते तीन महिने नऊ वर्षं चालले. मधल्या काळात हेर्त्सला नवनव्या तारखा मिळत राहिल्या. १७७८ च्या पत्रात तर कांट सांगतो की ज्या पुस्तकाला इतका उशीर होतोय ते आकाराने काही फार मोठं होणार नाही. १७८१ मध्ये रीगाच्या हार्टक्नोख या प्रकाशकाने ते छापलं तेव्हा ८५६ पानं भरली. १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ८८४ झाली.

हा भाग मी वर्गात सांगते तेव्हा हशा होतो, आणि व्हावा, कारण प्रबंध लिहिणारा प्रत्येक जण त्या तीन महिन्यांत स्वतःला ओळखतो. पण तुमच्या अडचणीचं मूळ त्याच्या पुढच्या गोष्टीत आहे. पुस्तक आल्यावर दोन वर्षांनी, ऑगस्ट १७८३ मध्ये, कांटने बर्लिनच्या मोझेस मेंडेल्सझोन या तत्त्वज्ञाला लिहिलं की निदान बारा वर्षांच्या चिंतनाचं हे फळ मी चार-पाच महिन्यांत, जणू पळता पळता, कागदावर उतरवलं. मजकुराकडे पूर्ण लक्ष दिलं, पण वाचकाला ते सोपं जावं याकडे फारसं पाहिलं नाही. म्हणजे विचार करायला बारा वर्षं आणि लिहायला चार-पाच महिने! त्याचं वय तेव्हा साठीकडे झुकलेलं होतं. अजून थांबलो तर पुस्तक होणारच नाही ही भीती त्याला होती आणि ती खरी होती.

त्या घाईत काय गेलं ते त्याने पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच सांगून टाकलंय. पहिल्या मसुद्यात उदाहरणं आणि स्पष्टीकरणं होती. पण पसारा इतका वाढायला लागला की त्याने ती काढून टाकली. शिवाय उदाहरणांचे भडक रंग फासले की रचनेचे सांधे दिसेनासे होतात, असं त्याचं म्हणणं. हे सांगताना तो आबे तेरासों या फ्रेंच लेखकाचा एक विनोद घेतो. तेरासों म्हणतो, पुस्तकाची लांबी पानांनी न मोजता ते समजायला लागणाऱ्या वेळाने मोजली, तर कित्येक पुस्तकांबद्दल म्हणावं लागेल की इतकं आखूड नसतं तर ते बरंच आखूड झालं असतं. कांट त्याच्यावर आपली भर घालतो: आणि कित्येक पुस्तकं, ती इतकी स्पष्ट करायचा घाट घातला नसता, तर कितीतरी अधिक स्पष्ट झाली असती. प्रस्तावना वाचताना तुम्ही इथे हसला होतात का? बहुतेक नाही. माझ्या गटातले लोकही पहिल्या खेपेला हसत नाहीत. एवढ्या जाड पुस्तकात लेखक थट्टा करत असेल हे आपल्या मनातच येत नाही.

आता याच पुस्तकात दीडशे-पावणेदोनशे पानांवर एक तळटीप आहे, ती पाहा. कांट तिथे निर्णयशक्तीबद्दल बोलतोय. नियम माहीत असणं वेगळं आणि समोरची गोष्ट त्या नियमात बसते की नाही हे ओळखणं वेगळं. एखादा डॉक्टर, न्यायाधीश किंवा राज्यकर्ता डोक्यात हवे तितके सुंदर नियम बाळगून असतो, दुसऱ्यांना शिकवूही शकतो, आणि तरी प्रत्यक्ष प्रसंगात ठेचकाळतो. तळटिपेत तो सरळ लिहितो की या शक्तीचा अभाव म्हणजेच ज्याला आपण मूर्खपणा म्हणतो ते, आणि त्यावर इलाज नाही. ही जाणून घेण्याची ताकद शिकवता येत नाही, फक्त सरावाने धारदार करता येते, आणि सराव होतो उदाहरणांवर. त्याचा शब्द आहे: उदाहरणं म्हणजे निर्णयशक्तीचा पांगुळगाडा. चालायला शिकणारं मूल ज्याला धरून उभं राहतं, तो. ज्याच्याकडे ही शक्ती उपजत कमी आहे त्याला तो कधीच सोडता येत नाही.

माझ्या मते सगळी अडचण इथे उलगडते. ज्या माणसाला उदाहरणं म्हणजे पांगुळगाडा हे इतकं नेमकं कळलं होतं, त्याने आपल्या पुस्तकातून तोच काढून घेतला आणि वाचकाला मोकळ्या अंगणात उभं केलं. तुम्ही तीनदा पडलात ते त्यामुळे. पण त्याने सगळेच गाडे काढलेले नाहीत. इथे-तिथे काही राहून गेलेत, आणि ते जवळजवळ नेहमी एखाद्या गमतीच्या चित्राच्या रूपात आहेत. मी शिकवते ते या जागा धरून. जिथे कांट विनोद करतो किंवा चित्र काढतो, तिथे तो परिभाषा खाली ठेवून साध्या माणसासारखा बोलतो. तिथे आधी पाय रोवायचा आणि मग पुढचं-मागचं पान वाचायचं.

दोन-तीन जागा दाखवते, म्हणजे हे नुसतं बोलणं राहणार नाही.

पहिल्या आवृत्तीच्या ५८व्या पानावर प्रश्न येतो: सत्य म्हणजे काय? कांट म्हणतो, कोणता प्रश्न शहाणपणाने विचारावा हे कळणं हाच अकलेचा मोठा पुरावा आहे. प्रश्नच जर बिनबुडाचा असेल तर विचारणाऱ्याची फजिती होतेच, शिवाय बेसावध ऐकणारा त्याला तितकंच बिनबुडाचं उत्तर देऊन बसतो. मग प्राचीन लोकांच्या हवाल्याने तो एक दृश्य उभं करतो: एक जण बोकडाची धार काढतोय आणि दुसरा खाली चाळणी धरून बसलाय. आता हे डोळ्यासमोर ठेवा आणि मागचा परिच्छेद पुन्हा वाचा. कुठल्याही ज्ञानाला, ते कशाबद्दल आहे ते न बघता, लावता येईल अशी सत्याची एकच कसोटी द्या, अशी मागणी आहे. पण ज्ञान खरं की खोटं हे तर ते ज्या वस्तूबद्दल आहे तिच्याशी जुळतं की नाही यावर ठरतं. वस्तू बाजूला ठेवायची आणि तिच्याशी जुळणं मात्र तपासायचं! बोकड म्हणजे ही मागणी. तिला उत्तर म्हणून तर्कशास्त्र पुढे करणारा चाळणीवाला, कारण तर्कशास्त्र विचाराचा आकार तपासतं, आशय त्याच्या हाती लागतच नाही. आमच्या गटात या पानानंतर 'बोकड' हा शब्दच रूढ होतो. कुणी आशयाशिवाय आशयाची हमी मागितली की दुसरा म्हणतो, बोकड. कांटची अर्धी चिकित्सा त्या एका शब्दात मावते.

दुसरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती हसवत नाही, पण गाडा म्हणून तिच्याइतकी भक्कम दुसरी नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने विचारलं होतं की एका घटनेमुळे दुसरी घडते असं आपण म्हणतो, पण आपल्याला दिसतं काय? एकीमागून दुसरी, एवढंच. 'मुळे' कुठे दिसतं? कांट उत्तर द्यायला एक घर आणि नदीतली एक नाव (होडी) यांचं उदाहरण घेतो. घरासमोर उभे राहा. तुम्ही छपरापासून पायथ्यापर्यंत नजर फिरवा किंवा पायथ्यापासून छपरापर्यंत; घरात त्याने काही फरक पडत नाही. क्रम तुमचा आहे. आता नदीत प्रवाहाबरोबर खाली जाणारी नाव बघा. ती आधी वर दिसते, मग खाली. हा क्रम तुम्हाला उलटवता येत नाही. दोन्हीकडे तुमच्या मनात येणारी दृश्यं एकामागून एकच येतात. तरीही एकीकडे तुम्ही 'घर उभं आहे' म्हणता आणि दुसरीकडे 'नाव सरकली' म्हणता. हा भेद तुम्ही कशाच्या जोरावर केलात? नुसतं बघून नव्हे, कारण बघण्यात दोन्हीकडे सारखीच माळ होती. 'हा क्रम असाच येणं भाग आहे' असा नियम तुम्ही आधीच लावलेला होता. म्हणजे कार्यकारण ही घटना बघून मागाहून शिकायची गोष्ट नाही. ते नसेल तर 'घटना' अशी काही दिसणारच नाही.

या दोन चित्रांवर मी पूर्ण दोन बैठका घालवते. एकदा गटातल्या एका बाईंनी घर आणि नाव बाजूला ठेवून गाण्याचं उदाहरण आणलं. भिंतीवरचं चित्र मी कोपऱ्यातून बघायला लागले काय आणि मधून काय, चित्र तेच. पण गाण्याचे सूर मी माझ्या मर्जीने मागेपुढे ऐकू शकत नाही. लगेच दुसऱ्याने हरकत घेतली की सुरांचा क्रम बांधलेला आहे, पण आधीचा सूर पुढच्या सुराचं कारण थोडाच आहे? तासभर वाद झाला. त्या एका तासात 'दुसरं साधर्म्य' म्हणून ओळखलं जाणारं ते कुप्रसिद्ध प्रकरण सगळ्यांना जितकं कळलं तितकं माझ्या व्याख्यानाने कधी कळलं नव्हतं. आपला गाडा आपण बनवला की तो कुठे मोडतो हेही आपल्यालाच दिसतं.

तिसरी जागा शंभर थालरची; थालर म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं. ईश्वराच्या अस्तित्वाची एक जुनी सिद्धता अशी: ईश्वर म्हणजे सर्वगुणसंपन्न; अस्तित्व हाही एक गुण; तेव्हा तो असलाच पाहिजे. कांट म्हणतो, खऱ्या शंभर थालरमध्ये नुसत्या कल्पनेतल्या शंभर थालरपेक्षा एक पैही जास्त नसते. असती तर माझी कल्पना शंभराची नसून भलत्याच रकमेची झाली असती. माझ्या खिशाला मात्र दोहोंतला फरक चांगलाच कळतो. म्हणून 'आहे' म्हटल्याने कल्पनेत कोणताही गुण वाढत नाही. कल्पनेच्या बाहेर काहीतरी आहे एवढंच कळतं, आणि ते कल्पना कितीही खरवडली तरी तिच्यातून निघत नाही. तीन पानांनी याचा शेवट होतो तो एका व्यापाऱ्यावर, जो आपली सांपत्तिक स्थिती सुधारावी म्हणून वहीतल्या शिल्लक रकमेपुढे दोन-चार शून्यं वाढवतो. जीनगराच्या घरात वाढलेल्या आणि चाळिशी उलटेपर्यंत विद्यार्थ्यांच्या फीवर जगलेल्या माणसाचं हे उदाहरण आहे. त्याला थालर काय असतो ते पक्कं ठाऊक होतं.

अशी चित्रं आणखी आहेत. हवेचा अडथळा जाणवून 'हवाच नसती तर किती छान उडता आलं असतं' असं वाटणारं कबुतर सुरुवातीलाच भेटतं. शेवटाकडे गगनचुंबी मनोरा बांधायला निघालेले लोक भेटतात, ज्यांचं सामान मोजल्यावर जेमतेम राहण्यापुरतं घर होईल इतकंच निघतं. ती तुमची तुम्हालाच सापडू देत. पेन्सिल घेऊन बसा आणि चित्र दिसलं की समासात खूण करा.

आता त्या घड्याळाबद्दल, कारण तुमच्या मनात या माणसाची जी प्रतिमा आहे ती वाचताना आड येते. लोक त्याच्यावर घड्याळं लावायचे हे चित्र सगळीकडे पसरलं ते मुख्यतः कवी हाइनमुळे. त्याने ते १८३४ मध्ये रंगवलं, म्हणजे कांट जाऊन तीस वर्षं झाल्यावर. छत्री घेऊन मागून चालणारा म्हातारा नोकर लाम्पेही त्याच चित्रातला. नियमितपणा खोटा नाही. लाम्पे पहाटे पाचला 'वेळ झाली!' म्हणून उठवायचा, आणि कांट दहाला झोपायचा. पण हे उतारवयातलं. तरुणपणी तो बिलियर्ड्स उत्तम खेळायचा, कपड्यांचा शौकीन होता, आणि गावात त्याला 'देखणा मास्तर' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. १७६२ ते १७६४ या काळात त्याच्याकडे शिकलेला लेखक हेर्डर पुढे त्याच्याशी कडाडून भांडला, तरीही त्या वर्गांची आठवण काढताना म्हणतो की थट्टा, विनोद आणि कल्पकता त्याच्या हुकमतीत होती.

घड्याळाचं वेड त्याला लागलं ते बहुधा जोसेफ ग्रीन या इंग्रज व्यापारी मित्राच्या संगतीने. दोघांनी एकदा सकाळी आठला घोडागाडीतून फिरायला जायचं ठरवलं. पावणेआठला ग्रीन हातात घड्याळ घेऊन खोलीत येरझाऱ्या घालू लागला, आठाला दहा कमी असताना टोपी घातली, पाच कमी असताना काठी घेतली, आठाचा पहिला ठोका पडताच गाडी हाकली. वाटेत दोन मिनिटं उशीर झालेला कांट समोरून येताना दिसला. तो हात करत होता, ग्रीन थांबला नाही. ठरलेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ. कांटचा विद्यार्थी आणि चरित्रकार याखमान हे सांगतो, आणि हेही सांगतो की क्रिटिकमधलं एकही वाक्य कांटने ग्रीनला ऐकवल्याशिवाय ठेवलं नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तत्त्वज्ञानाचा धंदा न करणारा, हिशेबात मुरलेला एक व्यापारी या पुस्तकाचा पहिला श्रोता होता. तिथे बोलताना उदाहरणं नक्कीच आली असणार. कागदावर आली नाहीत. आपण वाचताना जे परत घालतो ते त्या बैठकीतलं बोलणं आहे, असं मी माझ्या गटाला सांगते.

तुम्ही अडलात याचं आणखी एक कारण म्हणजे सुरुवातीची जागा. पान एकपासून निघालेला माणूस अवकाश आणि काल ओलांडून जातो, आणि मग परिभाषेच्या जंगलात शिरतो. तिथेच घोडं पेंड खातं. याबाबत खुद्द कांटचं मत तुमच्या बाजूने आहे. पुस्तक निघालं त्याच वसंतात, १७८१ मध्ये, त्याने हेर्त्सला लिहिलं की लोकप्रिय करायचं असतं तर मी 'अँटिनॉमी' या प्रकरणापासून सुरुवात केली असती. वाचकाला आपोआपच या भांडणाच्या मुळाशी जावंसं वाटलं असतं. मी याच सल्ल्यावर चालते. अँटिनॉमी, मराठीत विप्रतिषेध, हे जवळजवळ पुस्तकाच्या मध्यावर येतं. जगाला सुरुवात आहे. जगाला सुरुवात नाही. सगळं कारणांनी बांधलेलं आहे. नाही, स्वातंत्र्यही आहे. अशा चार जोड्या, समोरासमोर मांडलेल्या, आणि दोन्ही बाजूंना आपापली सिद्धता. कांट म्हणतो, हे असं रणांगण आहे की ज्याला हल्ला करायची परवानगी तो जिंकतो आणि ज्याला बचावच करावा लागतो तो हरतो, म्हणून चलाख योद्धे एवढीच काळजी घेतात की शेवटचा वार आपला असावा. इथून सुरुवात केलीत तर तुम्हाला एक खरा प्रश्न मिळेल: दोन्ही सिद्धता बरोबर दिसतात, मग चूक कुठे आहे? त्या प्रश्नाच्या शोधात मागे अवकाश-कालाकडे आलात, की ती तीस-चाळीस पानं कोरडी लागत नाहीत, कारण उत्तर तिथे लपलेलं असतं.

म्हणून माझा क्रम असा: आधी दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना, मग चार विप्रतिषेधांतला पहिला आणि तिसरा, मग मागे येऊन प्रास्ताविक आणि अवकाश-काल, मग घर आणि नाव, मग शंभर थालर. कॅटेगरींचं 'डिडक्शन', म्हणजे कार्यकारणासारख्या मूळ संकल्पना अनुभवाला लावायचा आपल्याला हक्क आहे याची सिद्धता, सगळ्यात शेवटी. त्या प्रकरणाने आपल्याला सर्वांत जास्त कष्ट पडले असं कांट स्वतः सांगतो, आणि १७८७ मध्ये त्याने ते पूर्ण नव्याने लिहिलं. लेखकाला दोनदा लिहावं लागलं ते आपल्याला चारदा वाचावं लागलं तर त्यात वावगं काही नाही. एका बैठकीला चार-पाच पानं पुरेत. आमच्या गटाला वर्ष लागतं, आणि तेवढ्यातही शेवटचा पद्धतिविचाराचा भाग आम्ही बराचसा सोडून देतो.

लांब वाक्यांचं काय करायचं? एक जुना किस्सा सांगतात की कांटच्या एका ओळखीच्या वाचकाने वाक्यातल्या प्रत्येक उपवाक्यावर एकेक बोट ठेवायला सुरुवात केली, आणि वाक्य संपायच्या आत दहाही बोटं संपली. किस्सा खरा असो वा नसो, रीत उपयोगी आहे. आम्ही बोटाऐवजी पेन्सिल वापरतो: मुख्य क्रियापद शोधायचं, त्याला गोल करायचा, त्याचा कर्ता शोधायचा, बाकी सगळं कंसात टाकायचं. मग कंस एकेक उघडायचे. कंटाळवाणं वाटतं, पण दोन महिन्यांत डोळा तयार होतो. भाषांतरावरही बरंच अवलंबून आहे. नॉर्मन केम्प स्मिथचं १९२९ चं इंग्रजी भाषांतर वाचायला अधिक सलग आहे, तर गायर आणि वुड यांचं १९९८ चं मूळ वाक्यरचनेला जास्त चिकटून आहे. एकट्याने वाचणाऱ्याला मी पहिलं सुचवते, गटात दुसरं वापरते. प्रत कोणतीही घ्या, समासात ए (पहिल्या) आणि बी (दुसऱ्या) आवृत्तीचे पानक्रमांक छापलेले हवेत, नाहीतर कुणाशी बोलताना जागाच सापडत नाही.

वाचावं का, याचं उत्तर मात्र तुम्हाला त्यातून काय हवंय यावर ठरेल. कांट काय म्हणतो एवढंच हवं असेल, तर १७८३ मध्ये त्याने स्वतःच काढलेलं 'प्रोलेगोमेना' हे छोटं पुस्तक पुरेल. क्रिटिकवर आलेल्या पहिल्या परीक्षणाने त्याच्या म्हणण्याचा भलताच अर्थ लावला, आणि मेंडेल्सझोनसारख्या माणसाने हे पुस्तक 'मज्जारस शोषून घेणारं' आहे, माझ्या प्रकृतीला झेपत नाही असं कळवलं. या छोट्या पुस्तकातच त्याने मोठ्या पुस्तकाबद्दल कबूल केलं की ते कोरडं आहे, दुर्बोध आहे, रूढ कल्पनांच्या विरुद्ध जाणारं आहे आणि वर लांबलचकही. इतका प्रामाणिक शेरा दुसऱ्या कुठल्या परीक्षकानेही दिला नसेल. पण कांटने विचार कसा केला, कुठे अडखळला, कुठे मागे फिरला, हे बघायचं असेल तर मोठं पुस्तकच लागतं. माझं मन अर्थात तिकडे आहे. माणसाची बुद्धी स्वतःची मर्यादा स्वतःच आखते, आणि तसं करताना एकीकडे घाबरते नि दुसरीकडे थट्टा करते, हे मी इतकं जवळून दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात पाहिलेलं नाही.

चौथ्या खेपेला एक करून बघा. ए २३५, बी २९४ हे पान उघडा. कांट तिथे सांगतो की आपण आजवर फिरलो तो प्रदेश म्हणजे एक बेट आहे, सत्याचं बेट, आणि त्याच्याभोवती अफाट, वादळी समुद्र आहे. धुक्याच्या भिंती आणि वितळायला आलेले हिमखंड तिथे नव्या देशांसारखे दिसतात आणि खलाशाला पुन्हा पुन्हा फसवतात. समुद्रात उतरण्याआधी तो म्हणतो, सोडून जायच्या बेटाचा नकाशा एकदा नीट बघून घेऊ. ते एक पान वाचा, आणि 'धुक्याची भिंत' म्हणजे तुमच्या स्वतःच्या विचारांतलं नेमकं काय, त्याचं एक उदाहरण समासात लिहा. लिहिता आलं तर पुढची चार पानं वाचा. नाही आलं तर तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा, आणि तिसऱ्या दिवशीही अडलात तर ते न जमलेलं उदाहरण मला लिहून पाठवा, तिथूनच बोलू.